प्रोसिडिंगात न लिहिलेली ओळ

निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला विचारलं, तुम्ही नगरपरिषदेत नक्की काय करायच्या? मी सांगितलं, भांडणं लिहून घ्यायचे. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. थट्टा अजिबात नव्हती. आधी ग्रामपंचायत आणि तिची नगरपरिषद झाल्यावर तिथेच, मिळून तीस वर्षं मी सभांची भांडणं लिहून घेतली. कोणता रस्ता आधी काँक्रीटचा करायचा, कोणत्या चौकाला कोणाच्या आजोबांचं नाव द्यायचं, बाग हवी की वाहनतळ. माणसं टेबलावर हात आपटायची, एकमेकांच्या भावकीचा उद्धार करायची, आणि मी खाली मान घालून लिहायचे, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.'

गावाचं नाव लिहीत नाही. चाकणच्या कंपन्यांच्या पट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे. यातली माणसं हयात आहेत आणि त्यातली निम्मी तरी हा अंक विकत न घेता वाचतील.

मी मूळची लातूरकडची. नवरा भोसरीला कंपनीत लागला म्हणून इकडे आले, आणि पंचायतीत कारकुनाची जागा निघाली तेव्हा अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं. तेव्हा पंचायतीच्या पुढ्यात ज्वारी डोलायची आणि पाठीमागे एका कंपनीची नवी भिंत उभी राहत होती. ज्वारी गेली. भिंतीला मात्र पुढे पुष्कळ भावंडं झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हात वर केले की ठराव झाला. तसं नसतं. आधी विषयपत्रिका निघते. सभेत एक जण विषय मांडतो, तो सूचक. दुसरा 'माझं अनुमोदन' म्हणतो, तो अनुमोदक. मग वाद, मग मंजुरी, आणि मग हे सगळं प्रोसिडिंग बुकात उतरवणं हे माझं काम. पुढच्या सभेचा पहिला विषय कायमचा ठरलेला असतो: मागच्या सभेचं प्रोसिडिंग कायम करणे. सगळ्यांनी 'कायम, कायम' म्हटलं की मागचे ठराव पक्के झाले. तोवर ते कच्चे, आणि कच्च्या ठरावावर काम काढता येत नाही. घाई असेल तर त्यालाही वाट आहे. सूचकाने विषय मांडतानाच म्हणायचं, 'प्रोसिडिंग कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी.' एवढी एक ओळ बोलली की दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करता येतं. मुरलेले सदस्य आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणावी तशी ही ओळ प्रत्येक ठरावाला जोडायचे.

मला हे काम शिकवलं ते पंचायतीच्या जुन्या ग्रामसेवकांनी. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला शेजारच्या एका पंचायतीचं प्रोसिडिंग बुक दाखवलं. प्रत्येक ठरावाखाली चार बोटं कोरी जागा सोडलेली होती. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, सभा संपल्यावर चहा पिताना जे सुचतं ते इथे मावतं. मग म्हणाले, "बाई, एक लक्षात ठेवा. जागा सोडली की तिथे कोणीतरी येऊन बसतं."

मी जागा सोडली नाही. ठरावाचा शेवटचा शब्द लिहिला की पट्टीने खाली रेघ मारायची आणि रेघेला लागून पुढचा विषय सुरू करायचा. बोललं तेवढंच लिहायचं. सदस्यांनी माझं नाव 'रेघवाल्या मॅडम' ठेवलं होतं. तोंडावर म्हणायचे, आणि मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

काय काय लिहिलं मी त्या रेघांच्या मधे! एका चौकाच्या नावावरून दोन भावक्या तीन सभा भांडल्या. दोघांचे आजोबा थोर होते आणि दोघांनीही तो चौक कधी पाहिला नव्हता, कारण त्यांच्या वेळी तिथे ओढा होता. शेवटी चौकात दोन फलक लावायचं ठरलं, एक आळंदीकडून येणाऱ्याला दिसणारा आणि दुसरा चाकणकडून येणाऱ्याला दिसणारा. आजही तिथे आळंदीच्या बाजूने येणारा माणूस एका चौकात पोचतो आणि चाकणच्या बाजूने येणारा दुसऱ्याच चौकात. भावक्या खूश आहेत. भेटायची जागा फोनवर ठरवणारे मात्र अर्धा अर्धा तास एकमेकांना शोधतात.

दुसरी गोष्ट दिशादर्शक फलकाची. कंपन्यांकडे जाणाऱ्या ट्रेलरांसाठी बाण दाखवणारा फलक सभेत मंजूर झाला. ठेकेदाराच्या माणसांनी तो रस्त्याच्या या अंगाला न लावता त्या अंगाला लावला. बाण बरोबर होता, खांब चुकला होता. दुसऱ्या दिवशी नव्या गाड्या भरलेला एक लांबलचक ट्रेलर बाणाचं ऐकून गावठाणाच्या गल्लीत शिरला आणि पिठाच्या गिरणीपाशी अडकला. त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही. हरियाणाचा ड्रायव्हर पार रडकुंडीला आला होता. गिरणीवाल्याच्या बायकोने त्याला पिठलं-भाकरी दिली, पोरं ट्रेलरवरच्या गाड्या मोजत बसली, आणि संध्याकाळी क्रेन आली. पुढच्या सभेत दोन तास चर्चा झाली की चूक बाणाची का खांबाची. मी दोन पानं लिहिली. त्यात पिठलं नाही लिहिलं, कारण त्याचा सभेत उल्लेख झाला नाही.

हे आठवलं की मला ती सभा दिसते. पत्र्याखालचा तापलेला हॉल, घरघरणारे पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाच्या कागदी कपांनी भरलेलं टेबल, आणि वीस-एकवीस माणसं एकाच वेळी बोलतायत. त्या वेळी डोकं उठायचं. आता ते कानावर पडावं म्हणून जीव तुटतो.

सोपानतात्या मला पहिल्यांदा भेटले ते रस्ता रुंदीकरणात. त्यांच्या घरापुढचा रस्ता वाढवायचा होता आणि त्यांनी ओट्यापर्यंतची जागा भांडण न करता सोडली. अशी माणसं कमी, म्हणून नाव लक्षात राहिलं. रस्ता सुंदर झाला. झाल्यावर महिन्याभराने ते ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले की बाजलं टाकायला जागा राहिली नाही. ते दुपारी ओट्याखाली बाजलं टाकून पडायचे. आता ओट्याची शेवटची पायरी थेट रस्त्यावर उतरत होती आणि पायरीला घासून कंटेनर जात होते.

तात्यांची परिस्थिती उत्तम होती. रानाचे प्लॉट पाडले, तीन मजली घर बांधलं, मागे कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर भरलेलं होतं. पण घरात एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत नाइट शिफ्ट करून झोपलेला थोरला, देवळात दिवसभर भोंगा, आणि बरोबरीचे सोबती एकेक करून गेलेले. ते मला एकदा म्हणाले, "चोवीस खोल्या हायत बाई माज्या, पर बसायला जागा न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांना काय हवं होतं तेही साधं होतं. प्लॉट पाडताना नियमाप्रमाणे अकरा गुंठे मोकळी जागा पंचायतीच्या ताब्यात द्यावी लागली. पुढाऱ्यांचे लोक अशा वेळी खड्ड्याची, ओढ्याकाठची जागा देतात. तात्यांनी आपलं खळं दिलं. खळं म्हणजे रानातली चोपून सारवलेली जागा, जिथे कणसं मळतात आणि धान्य वारवतात. तिथे बाग होईल, पाच झाडं नि दोन बाकडी असतील, आणि म्हातारपणी आपण आपल्याच खळ्यात सावलीला बसू, असा त्यांचा हिशोब होता. झालं भलतंच. मोकळी जागा म्हटल्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याचे कंटेनर तिथे उभे राहायला लागले. तात्या जाऊन एका दगडावर बसायचे. एक दिवस तिथल्या वॉचमनने त्यांना हटकलं. बाबा, उठो, गाडी पीछे लेनी है.

"माज्या खळ्यात मला म्हनला, उठा," तात्या मला सांगत होते. त्यात राग नव्हता. ऐकलेलं अजून खरं वाटत नसल्यासारखा आवाज होता.

त्या दिवशी मी त्यांचा पहिला अर्ज लिहून दिला. नंतर दर महिन्याला एक. विषय तोच, 'मोकळ्या जागेत उद्यान विकसित करणेबाबत'. ते यायचे, पांढरी टोपी मांडीवर ठेवायचे, अर्ध्या कपाचा चहा घ्यायचे, पोचपावतीची घडी करून बंडीच्या खिशात घालायचे आणि जायचे. मी ऑफिसच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली असले तरी त्यांच्यासाठी खुर्ची ओढायचे. माझे वडील लातूरला, वर्षाकाठी एकदा भेटणारे. तात्या महिन्याला भेटायचे. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अर्जांना वाचा फुटली ती सुनंदाताईंमुळे. त्या तात्यांच्या वॉर्डाच्या नगरसेविका. आधी कंपनीच्या पोरांची खानावळ चालवायच्या. महिलांची जागा निघाली म्हणून घरच्यांनी उभं केलं, आणि पहिलं वर्षभर सभेत त्यांच्या वतीने त्यांचा नवराच दाराशी उभा राहून खुणा करायचा. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याला सांगितलं, तुम्ही खानावळ बघा, मी सभा बघते. तात्यांचा विषय त्यांनी धरला आणि सोडला नाही. पण सभेत ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले अण्णा होते, त्यांना तिथे वाहनतळ हवा होता. विषय दर वेळी पुढे ढकलला जायचा. असं करत निवडून आलेल्या बोर्डाची पाच वर्षं संपत आली.

शेवटच्या आधीची ती सभा. विषयपत्रिका मारुतीच्या शेपटासारखी लांब, कारण जाता जाता प्रत्येकाला आपल्या वॉर्डातलं काम मंजूर करून घ्यायचं होतं. तात्या दाराजवळच्या बाकावर सकाळपासून येऊन बसले होते. बागेचा विषय दुपारी टळटळीत उन्हात आला. अण्णा म्हणाले, बागेत बसणार कोण, सगळं गाव शिफ्टला जातं. सुनंदाताई उभ्या राहिल्या. त्यांनी कागद आणला होता, पण तो त्यांनी बाजूला ठेवला.

"गावात लग्नाला कार्यालय आहे, मेल्यावर घाट आहे. मधल्या वेळात माणसानं बसायचं कुठं, अण्णा? आणि शिफ्टवरून आलेला माणूस माणूसच असतो. त्यालाबी सावली लागते."

हात वर करून मतदान झालं. दोन मतांनी बाग मंजूर झाली. हॉलमध्ये गलका उठला, सुनंदाताईंच्या शेजारणींनी त्यांचे हात धरले, त्या डोळे पुसत होत्या. दाराशी तात्या उभे राहिले, टोपी काढली आणि पुन्हा नीट घातली.

माझं पेन थांबलं. ती ओळ आली नव्हती. आधीच्या प्रत्येक विषयाला कोणी ना कोणी 'वाट न पाहता' म्हटलं होतं. सुनंदाताई बोलल्या मनापासून आणि ती ओळ त्यांच्या बाजूला ठेवलेल्या कागदावरच राहिली. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं, हा भाऊसाहेबांचा नियम. नगराध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. मी ठरावाचा शेवटचा शब्द लिहिला आणि रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाताई पेढे घेऊन आल्या. पेढा माझ्या हातावर ठेवून हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती वाट न पाहता वाली ओळ माझ्या तोंडून राहिली. तेवढी लिहून टाका ना."

"ताई, तुम्ही बोलला नाहीत. मी लिहिणार नाही."

"सगळ्यांच्या ठरावाला असते."

"सगळे बोलतात."

त्या पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावायला लागल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, पुढच्या महिन्यात सभा आहे, तिथे प्रोसिडिंग कायम होईल, महिन्याभरात काही बाग वाळून जात नाही. माझा हा विनोद मला तेव्हा चांगला वाटला होता. झाडांसाठीची तरतूद तयार होती, नकाशा तयार होता, ती ओळ असती तर त्याच आठवड्यात कंटेनर हलवून खड्डे घ्यायला सुरुवात झाली असती.

पुढच्या महिन्यात सभा बोलावली. तेव्हा तिकिटांची पळापळ सुरू झालेली. अण्णा आणि त्यांच्या बाजूची माणसं आलीच नाहीत, बाकीचेही कोणाकोणाच्या दारात गेलेले. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि पुन्हा भरण्याआधी बोर्डाची मुदत संपली. निवडणूक काही लागली नाही. प्रशासक आले.

प्रशासकांच्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले, दिवे लागले, फलक बदलले. पण सभा नव्हती. साहेब केबिनमध्ये बसून सही करायचे आणि ठराव माझ्याकडे उतरवायला यायचा. सूचक तेच, अनुमोदक तेच, चर्चा नाही. हॉलला कुलूप लागलं. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या केल्या. कधी कधी दुपारी मी कुलूप काढून आत जायचे. पंख्याखाली उभी राहायचे. मला माणसांच्या भांडणाची इतकी ओढ लागेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

बागेची फाइल मी तीनदा वर पाठवली. तीन साहेब बदलले. प्रत्येकाने फाइल चाळली आणि एकच सांगितलं: ठराव कायम झालेला नाही, विषय वादाचा आहे, निवडणुका आता लागतीलच, नवं बोर्ड बघेल. निवडणुका 'आता लागतीलच' असं म्हणण्यात वर्षं गेली. साहेबांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. वादाच्या विषयात हात कोण घालतो? नियम त्यांच्या बाजूने होता. आणि ओळ नसलेला तो ठराव माझ्याच हस्ताक्षरात होता.

तात्या दर महिन्याला येत राहिले. मी सांगायचे, वर पाठवलंय. ते विचारायचे, "वर म्हंजी कुटं? देवाकडं का?" मी हसून चहा मागवायचे. खरं काय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं रोज ठरवायचे, आणि ते पोचपावती बंडीच्या खिशात ठेवायला लागले की माझा धीर जायचा.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा ते यायचे थांबले. दोन महिने वाट पाहून मी त्यांच्या धाकट्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, तात्या ओट्यावरून उतरताना पडले. टँकर जवळून गेला, त्यांनी घाईत पाय मागे घेतला, तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण पाय बधिर राहिले, आता वरच्या मजल्यावरच असतात, जिना उतरवत नाही. मी भेटायला जाते म्हणाले आणि गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

निरोप समारंभात सगळे छान बोलले. साहेबांनी प्रोसिडिंग बुक हातात धरून लोकांना दाखवलं. म्हणाले, तीस वर्षांत या बाईंनी न बोललेला एक शब्द लिहिला नाही. टाळ्या वाजल्या. मी शाल खांद्यावर घेऊन खाली बघत बसले. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

निवडणूक झाली ती मी घरी बसल्यावर. नव्या बोर्डाची कामकाजाची पहिली सभा होती त्या दिवशी मी सकाळीच आवरून गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने शेजारी सुनंदाताई येऊन बसल्या. त्या निवडणुकीत पडल्या होत्या. अण्णा निवडून आले होते, पुढच्या रांगेत होते. हॉल पुन्हा भरला होता, पंखे घरघरत होते, सभा सुरू व्हायच्या आधीच दोघांची जुंपली होती, आणि माझा हात सवयीने पिशवीतलं पेन शोधायला लागला. टेबलाशी नवी मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती.

विषय क्रमांक एक. मागच्या बोर्डाच्या शेवटच्या भरलेल्या सभेचं प्रोसिडिंग कायम करणे. मुलीने वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, वाचलं असं समजा. त्यात बागेचा ठराव आहे हे त्यांच्या ध्यानात नसावं. कायम. मागून चार-पाच आवाज आले, कायम, कायम. नगराध्यक्ष म्हणाले, विषय क्रमांक दोन.

सुनंदाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "झालं, मॅडम. एवढंच होतं."

पंधरा दिवसांत खळ्यावरचे कंटेनर हलले. तिथे निळा फलक लागला, 'नियोजित उद्यानाची जागा'. तो पाहिला आणि मी तिथूनच तात्यांच्या घरी गेले. दोन जिने चढून वर पोचले तर ते गॅलरीतल्या पलंगावर बसलेले. खूप वाळले होते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल अशी. तिथून खळं दिसत नव्हतं, काहीच दिसत नव्हतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी बातमी सांगितली. फलक लागला, खड्डे घेतायत, कडुनिंब आणि बहावा लावणार आहेत, बाकडी येणार आहेत. त्यांनी सगळं नीट ऐकलं. बाकडी कोणत्या अंगाला टाकणार ते विचारलं. मी म्हणाले, ते तुम्ही ठरवा, झाडं लावायच्या दिवशी मुलं तुम्हाला खुर्चीत बसवून खाली नेतील. दारात उभा असलेला धाकटा लगेच म्हणाला, नेऊ की.

तात्यांनी हात हलवला. "नगं. दुसऱ्याच्या खांद्यावर मानसानं एकदाच जावं."

मग चहा आला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि विचारलं, "पर बाई, मंजूर तर तवाच झाली हुती. मी सोता दारात हुतो. मंग येवढी वर्सं का लागली?"

मी त्या दिवशी सांगितलं. सूचकाने बोलायची ओळ, ती कशी राहिली, सुनंदाताई कशा आल्या, मी काय उत्तर दिलं. सांगताना मला वाटत होतं की ते म्हणतील, जाऊ द्या बाई, नियम म्हंजी नियम. मनातल्या मनात मी त्याचीच वाट बघत होते, हे कबूल करते.

तात्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत, कडवटही बोलले नाहीत. एखाद्या पोरीने भाकरी करपवली तर म्हणावं तेवढंच म्हणाले.

"मंग लिव्हायची की बाई, एक वळ."

हेच मला तीस वर्षांत कितीतरी सदस्यांनी म्हटलं होतं, कोणी चिडून, कोणी लाडीगोडीने, आणि प्रत्येकाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. तात्यांचे मी पाय धरले. ते पाय आता बधिर झाले आहेत, धरलेले त्यांना कळले की नाही कोण जाणे.